झाकण रिकामं असलं तरी मधमाश्या त्यावरच घिरट्या घालतात. शिकतात का त्या?

बाल्कनीवाली:
राहायला घोडबंदर रोडला, आठवा मजला. सकाळी दूध तापवून झालं की कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी लोणच्याच्या बरणीचं पिवळं झाकण ठेवते, त्यात साखरेचं पाणी. हल्ली फुलोरी माश्या माझ्या आधीच हजर! झाकण कोरडं असलं तरी त्याच्यावरच घोंघावतात. शेजारच्या निळ्या झाकणात साधं पाणी असतं, तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. आमचे हे म्हणतात, किड्याला कसलं आलंय डोकं, उपजतच असतं ते. मला नाही पटत. जाणकारांनी सांगा, एवढुशा डोक्यात नेमकं होतं काय?

उपवनवाला:
ताई, लाल झाकण ठेवून बघा. लांबूनही दिसेल त्यांना.

निवृत्त_मास्तर:
लाल नको. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, काळपट वाटतो.

ताई, वेळेचं तुमचं निरीक्षण पक्कं आहे. ठरल्या वेळी खाऊ घातलं तर माश्या त्याच वेळी येतात, भांडं रिकामं असलं तरी. इंगेबोर्ग बेलिंग यांनी १९२९ मध्येच हे दाखवलं. रंगाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने सही करणार नाही. झाकण रोज त्याच जागी असेल तर माशीने रंग लक्षात ठेवला की जागा, कसं ठरवणार? मधमाश्यांचे अभ्यासक फॉन फ्रिश यांनी रंगीत कागद करड्या कागदांमध्ये मिसळून त्यांच्या जागा बदलत ठेवल्या, तेव्हा कुठे रंगाचं सिद्ध झालं.

आता डोक्याचं. प्रयोगशाळेत माशीला गारठवून बारीक नळीत बसवतात, फक्त डोकं बाहेर. मिशांना साखरेचं पाणी लागलं की ती सोंड बाहेर काढते. हे उपजत, तिथे तुमचे यजमान बरोबर. पण साखरेच्या किंचित आधी एखादा वास दिला, असं दोन-तीनदा केलं, की नुसत्या वासालाही सोंड बाहेर येते. हे शिकलेलं. आणि साखर आधी, वास नंतर असा उलटा क्रम ठेवलात तर शिकवणी फुकट जाते.

१९९३ मध्ये मार्टिन हॅमर यांनी कमाल केली. वासानंतर साखर दिलीच नाही, मेंदूतल्या एकाच चेतापेशीला विजेने चाळवलं. तरी माशी तो वास शिकली! साधारण दहा लाख पेशींच्या मेंदूत ‘गोड मिळालं’ ही खबर द्यायला एक पेशी पुरली. ही खबर ऑक्टोपामाइन नावाच्या रसायनातून जाते.

वास आणि गोड यांची जोडणी होते ती मुख्यतः मेंदूतल्या मशरूम बॉडी या भागात. फळमाशीत ती चांगली तपासली आहे आणि तिथली गंमत वेगळीच. एका वासाला तिथल्या थोड्याच पेशी जाग्या होतात. त्यांचे धागे पुढे ‘जवळ जा’ आणि ‘लांब पळ’ अशा दोन्ही गटांच्या पेशींना जोडलेले असतात. वासासोबत शॉक बसला की डोपामाइन हे रसायन येतं आणि त्या जाग्या पेशींचे ‘जवळ जा’कडचे धागे सैल करतं. मग ‘लांब पळ’चं पारडं आपोआप जड होतं. शिकणं म्हणजे दर वेळी काहीतरी घट्ट होणं, ही आपली समजूत इथे चालत नाही.

वाशीकर:
सर, मग आमच्या सेक्टरमधले डास का शिकत नाहीत? रोज मारतो.

निवृत्त_मास्तर:
मेलेला काय शिकणार! वाचलेल्याचं बोला. २०१८ च्या एका प्रयोगात एडिस डासांच्या माद्यांना एक वास देऊन सोबत हादरे दिले, आपण हात मारल्यावर बसतात तसे. दुसऱ्या दिवशीही त्या वासापासून त्या लांब राहिल्या. तेव्हा नेम चुकला तरी हाणत राहा.

बाल्कनीवाली:
सर, आज झाकणांची अदलाबदल केली, दोन्ही कोरडी. माश्या आधी जुन्या जागी गेल्या, निळ्यावर जरा घुटमळल्या आणि वळून पिवळ्यावर आल्या. आता करता का सही?

निवृत्त_मास्तर:
पिवळं झाकण नवं होतं की तेच? खाण्याच्या जागी माश्या आपला वास सोडून जातात. कोरं पिवळं घ्या.

बाल्कनीवाली:
तेच होतं. कोरं हवं तर दुसरी बरणी संपायला हवी. यांना म्हटलं, आजपासून दोन्ही वेळा लोणचं वाढते.