उत्तर: पट्टी लावली तरी खिडकीतून गारठा

प्रेषक: छोटू
मंडळी, जरा घाईत आहे. आई-बाबा शनिवारी पोहोचतात आणि त्यांच्या खोलीत खिडकीशेजारी बसलं की मानेवर गार झोत लागतो. नानांनी मागच्या वेळी सांगितली तशी फोमची पट्टी चारही बाजूंनी लावली. फरक नाही. यापेक्षा जाड पट्टी आणू का?

प्रेषक: नाना
जाड अजिबात आणू नकोस. झडप पुरती मिटणार नाही, कडी ताणून लावावी लागेल आणि कोपऱ्यात नवीन फट पडेल. आधी कागद घालून बघ. झडप आणि चौकटीमध्ये कागदाची पट्टी धर, कडी लाव, मग ओढ. सुळकन निघाला तर तिथून हवा येते. अडकला तर पट्टी नीट बसली आहे. बिजागऱ्यांची बाजू सगळे विसरतात, तीही बघ.
आणि मी पट्टी सांगितली होती ती हलणाऱ्या भागाला. चौकट आणि भिंत यांच्यामधली चीर सीलंटनेच भरायची. तिथे फोम चिकटवून ठेवला असशील तर काढ.

प्रेषक: छोटू
कागद सगळीकडे अडकतो, बिजागऱ्यांकडेही. चीर भरलेली आहे. गार लागतंच.

प्रेषक: अक्का
मग ती बाहेरची हवा नाहीच. तावदान एकेरी आहे ना? खोलीतलीच हवा काचेला लागून गार होते, जड होते, खाली घसरते आणि जमिनीवरून पसरते. खिडकी कितीही घट्ट मिटवा, काच गार आहे तोवर हे चालूच राहणार. रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारं गरम पाण्याचं पॅनेल, खिडकीखाली बसवतात तो याचसाठी, वर चढणारी गरम हवा त्या घसरणीला अडवते. शिवाय गार काचेसमोर बसलं की अंगातली उष्णताही तिकडे जाते, तेसुद्धा माणसाला वाऱ्यासारखंच वाटतं.
उदबत्ती धरून बघ. धूर काचेलगत सरळ खाली उतरला तर दोष काचेचा. फटीपाशी आडवा फेकला गेला तर नानांचं खरं.

प्रेषक: नाना
अक्का, वारा पडलेल्या दिवशी उदबत्ती फारसं काही दाखवत नाही. घर तपासणारे दारात मोठा पंखा बसवून आतबाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक करतात, तेव्हा कुठे फटी बोलायला लागतात. घरच्या घरी करायचं तर स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा, दोन्ही बाहेर हवा टाकणारे पंखे चालू कर, बाकी दारं-खिडक्या लाव आणि मग धूर धर. मी हे काम पोटापाण्यासाठी केलं आहे, लेख वाचून नाही.

प्रेषक: अक्का
करा, पण त्याआधी गॅसचा बॉयलर आणि शेगडी बंद करायला सांगा ना! खोलीतली हवा घेऊन जळणारं उपकरण असेल तर पंख्यांच्या ओढीने धुराड्यातला वायू उलटा घरात येतो. घर तपासणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवं होतं, लेख वाचणाऱ्यांनी नाही.

प्रेषक: भाऊ
तुमचं चालू द्या. मी भिंतीतली हवा खेळती ठेवायची जाळीच चिकटपट्टीने बंद केली. खोली एकदम ऊबदार. खर्च शून्य.

प्रेषक: मामी
भाऊ, ती चिकटपट्टी आजच्या आज काढा. त्याच खोलीत तुमची गॅसची शेगडी आहे, मी पाहिली आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, माणसाला वाटतं थंडीनेच होतंय. अलार्म आहे का? त्यातली बॅटरी चालू आहे का?
आणि खिडक्या आतून घामेजायला लागल्या असतील तर तेही त्याच पट्टीमुळे. आमच्याकडे कपाटामागे बुरशी आली ती अशीच, कोट टाकून द्यावे लागले.

प्रेषक: भाऊ
घामेजतात खऱ्या. काढतो. अलार्म शेगडीपासून किती लांब लावायचा?

प्रेषक: मामी
डब्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तोवर शेगडी पेटवू नका.

प्रेषक: नाना
छोटू, खिडकीत अडकून पडू नकोस. गरम हवा वर चढते आणि पोटमाळ्याच्या झाकणातून निघून जाते. गेलेल्याच्या जागी खालून गार हवा ओढली जाते, म्हणून पाय गारठतात. झाकणाच्या कडेला पट्टी लाव आणि पाठीवर इन्सुलेशनचा तुकडा चिकटव. दाराखाली ब्रश. मंडळाची घडीची शिडी ने.

प्रेषक: कार्यवाह
शिडी ही मंडळाची मालमत्ता आहे. नेण्याआधी माझ्याकडे नोंद करावी, या ईमेल-यादीवर परस्पर वाटप करू नये.

प्रेषक: भाऊ
नोंद करायला हरकत नाही, पण शिडी मागच्या कार्यक्रमापासून तुमच्याच गॅरेजमध्ये आहे.

प्रेषक: छोटू
उदबत्ती धरली, पंखे बंद ठेवून. धूर काचेलगत थेट खाली. पोटमाळ्याचं झाकण बघतो, पण शनिवारपर्यंत तावदान काही बदलता येत नाही. हेअर ड्रायरने ताणायची ती पारदर्शक फिल्म लावली तर? नंतर खिडकी उघडता येते का?

प्रेषक: अक्का
नाही, उघडायची तर फिल्म काढावी लागते. चौकटीला आतून लावायची, काचेला चिकटवायची नाही. मधली कोंडलेली हवाच ऊब राखते. पण आग लागली तर बाहेर पडायची तीच वाट असेल तर फिल्म लावू नकोस.

प्रेषक: छोटू
त्या खोलीला तेवढी एकच खिडकी आहे.

प्रेषक: अक्का
मग जाड पडदा. वरून आणि दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकलेला, खाली कट्ट्यावर बसलेला. वर-खाली उघडा राहिला तर गार हवा त्याच्यामागून आणखी जोरात खाली येते. रेडिएटरवर लोंबू द्यायचा नाही, सगळी ऊब काचेकडे जाईल. सकाळी सरकवून काच पुसायची. पलंग आतल्या भिंतीकडे हलव, ते आजच होईल.