सातारा–मेढा–महाबळेश्वर–वाई, सामानासकट सायकलवर: कुठून चढू आणि कुठून उतरू?

आयर्विनचा_चढ

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, बदली होऊन साताऱ्यात आलोय, सदर बझारला राहतो. आमच्या सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पुलाचा. त्यामुळे इथं आल्यावर खिडकीतून अजिंक्यतारा दिसला की आधी पायात गोळा येतो.

हायब्रिड सायकल आहे, पुढं तीन चकत्या, मागं आठ. मागची सगळ्यात मोठी ३२ दातांची, पुढची लहान २८. साधे रिम ब्रेक, चाकाच्या कडेवर रबर दाबणारे. कॅरिअर बसवलंय आणि दोन पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या, घेतलेत. रोज सकाळी संगम माहुलीपर्यंत जाऊन येतो, बारा-तेरा किलोमीटर होतात.

डिसेंबरात दोन दिवसांची फेरी करायची आहे: सातारा, मेढा, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत. नकाशावर सव्वाशेच्या आत बसतं. प्रश्न असा की मेढ्याकडच्या केळघर घाटानं चढून वाईकडच्या पसरणी घाटानं उतरू की उलटं करू? आणि त्याआधी सराव म्हणून थेट कासला जाऊ का?

घाटमाथा_९१

कासला जाच. बोगद्याकडं न वळता समर्थ मंदिरावरून सरळ यवतेश्वर घाट. पंचवीस किलोमीटर फक्त. फुलं नसली तरी तलाव आहे. फेरी उलटी करा, पसरणी घाट केळघरपेक्षा छोटा आहे, एकदा पाचगणी गाठली की झालं.

लिंबचा_दूधवाला

वरच्या भावाचं वय कमी आणि सायकल हलकी असणार, म्हणून "पंचवीस किलोमीटर फक्त". शहरापासून कासपर्यंत ढोबळमानानं ५०० मीटर चढ आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त पहिल्या पाच-सहा किलोमीटरांतच अंगावर येतो. यवतेश्वर ओलांडलं की मग रस्ता जरा माणसात येतो. रिकाम्या सायकलवर जमेल. सामान लावून पहिल्याच वेळी जाऊ नका, आणि ते चढासाठी सांगत नाही. चढात फार तर उतरून ढकलाल. माणूस मरतो ते उतारावर.

मी १९८६ ते ९४ लिंबहून साताऱ्यात सायकलवर दूध घालत होतो. २२ इंची डबलबार, रॉड ब्रेक, दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. तुम्ही पॅनिअर म्हणता ते हेच, आमच्यात दूध होतं आणि तुमच्यात टॉवेल. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

भरलेल्या कॅनचा त्रास नसतो. अर्ध्या भरलेल्या कॅनचा असतो. दूध डुचमळतं आणि वळणावर सायकलच्या आधी कॅन वळतो. एकदा वर्ये पुलाच्या अलीकडं पहाटे, एक कॅन रतिबाला रिकामा करून दुसरा तसाच ठेवला होता, आणि गटारात गेलो. हँडल सरळ होतं, मी सरळ होतो, सायकल मात्र डावीकडं निघाली. तेव्हापासून दोन्ही बाजू तराजूत घातल्यासारख्या. तुमच्या पिशव्याही तशाच भरा: जड वस्तू तळाला, चाकाच्या दांड्याजवळ, आणि पट्टे आवळून, आत काही हलता कामा नये. स्वयंपाकाचा स्टोव्ह एकीकडं आणि कपडे दुसरीकडं असं केलंत तर रडाल.

आता सराव. दोन्ही पिशव्यांत पाच-पाच किलो बटाटे घाला आणि लिंबला या. हायवेला सर्व्हिस रोड तुकड्यातुकड्यांत आहे, तो मिळेल तिथं धरा, आणि नागेवाडीजवळच्या लिंब फाट्याला आत वळा. आत आलात की झाडी, ऊस, कृष्णेचा काठ. बारा मोटेची विहीर बघा. नाव बारा मोटेचं, पण एकावेळी पंधरा मोटा चालतील अशी सोय आहे आणि विहिरीतच महाल आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधली. लोक "१६४१ ते १६४६" असं लिहून मोकळे होतात, पण ते शक आहेत. इसवी सन १७१९ ते १७२४. १६४१ साली शाहू महाराजांचा जन्मही झाला नव्हता. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो, तुम्हालाही सांगितलं.

बटाटे घेऊन लिंब दोनदा झालं की मग बोगद्यातून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत. तिथं चढही आहे, उतारही आहे, पण यवतेश्वरइतका एकदम नाही.

फेरीचं: केळघरनं चढा, पसरणीनं उतरा. कारण साधं आहे. चढताना तुमचा वेग ताशी सहा-सात किलोमीटर, वर सायकल झोकांड्या खाणार. तेव्हा मागं गाड्यांची रांग नको. शनिवार-रविवारी पसरणीत मुंबई-पुण्याची सगळी वाहनं, केळघरला त्या मानानं शुकशुकाट. उतरताना तुमचा आणि गाडीचा वेग जवळजवळ सारखा असतो, तेव्हा गर्दी चालते. उलटं केलंत तर हळू असताना गर्दीत आणि जोरात असताना सुनसान घाटात, जिथं पडलात तर बघायला कोणी नाही.

घाटमाथा_९१

काका, गर्दीचा मुद्दा मान्य. असा विचार केला नव्हता. पण केळघर लांबतो हे खरंच आहे, मेढ्यात पोटभर खाऊन निघा म्हणावं त्यांना.

चाळकेवाडीचा_वारा

काकांना अनुमोदन, फक्त सज्जनगडावर थांबू नका, तसंच पुढं ठोसेघर आणि चाळकेवाडी करा. मी एकटी जाते, आठवड्याच्या मधल्या दिवशी. पठारावर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा एवढा असतो की उतारावर पण पेडल मारावं लागतं. डिसेंबरात तेवढा त्रास नाही, पण सकाळी सातच्या आत निघाल तर हातमोजे हवेत, बोटं बधिर झाली की ब्रेक दाबल्याचं कळत नाही.

एकट्या मुली वाचत असतील तर: ठोसेघरपर्यंत गावं लागत राहतात, दुकानं असतात, मला कधी अडचण आली नाही. अडचण माकडांची. केळं पिशवीच्या बाहेरच्या जाळीत ठेवू नका. माझी तर सायकलच खाली पाडली होती.

कास सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुटीच्या दिवशी सायकलवाल्यासाठी नाही. २०१२ला जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हंगामात गाड्यांचा धूरच जास्त. जायचं तर मधल्या वारी, उजाडताना.

आयर्विनचा_चढ

सगळ्यांचे आभार. काका, दोन शंका. रिम ब्रेकवर पसरणी उतरता येईल का? आणि महाबळेश्वरला मुक्काम करू की पाचगणीला?

लिंबचा_दूधवाला

आम्ही रॉड ब्रेकवर उतरलोय, तुमचे रिम ब्रेक म्हणजे चैन आहे. पण सतत दाबून धरू नका. रिम तापते, रबर गुळगुळीत होतं, आणि जास्तच तापली तर ट्यूब फुटते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. मध्ये दोनदा थांबून रिमला बोट लावून बघा. चटका बसला तर दहा मिनिटं वाईचा देखावा बघा, फुकट आहे. निघण्याआधी ब्रेकची रबरं नवी टाका आणि मागच्या चाकाच्या तारा एकदा ताणून घ्या. वजन सगळं मागच्या चाकावर येतं, ढिली तार असेल तर घाटातच तुटते.

मुक्काम महाबळेश्वरात. पहिल्या दिवशी चढ संपवायचा आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी वेळच वेळ आहे: वाटेत भिलार, ते पुस्तकांचं गाव, थोडं आत जावं लागतं पण डिसेंबरात स्ट्रॉबेरी सुरू असते. वाईत ढोल्या गणपती, आणि दोन-तीन किलोमीटर आत मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. मेणवली चुकवू नका.

शेवटचा टप्पा पाचवडपासून हायवे आहे, तो कंटाळवाणा आणि तोच खरा धोक्याचा. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा असेलच असं नाही, आणि रस्त्यावर उसाची कांडी. कांडक्यावरून चाक गेलं की घसरलंच. अंधाराच्या आत नागेवाडी गाठा. नाही जमलं तर लिंब फाट्यावरून आत वळा, आमच्याकडं जेवून सकाळी जा.

आयर्विनचा_चढ

आज बटाटे घेऊन लिंबला जाऊन आलो. जाताना बरं गेलं. परतताना विहिरीपाशी एका आजींनी विचारलं, "बटाटं कसं दिलं?" मी विकायचे नाहीत म्हणालो तर त्यांना पटेना. शेवटी दोन किलो दिले, तेही डाव्या पिशवीतले. वर्येपर्यंत सायकल उजवीकडं ओढत होती.

लिंबचा_दूधवाला

एक-एक किलो दोन्हीकडून द्यायचे होते.