रानटी टर्की आणि कम्पाउंड बो: दोरी कधी ओढायची, बाण नेमका कुठे मारायचा?

सह्याद्री_ते_पोकोनो:
नमस्कार मंडळी. मुक्काम पेनसिल्व्हेनिया. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स हातात आहे. येत्या वसंतातल्या हंगामात टर्कीसाठी बाणच वापरायचा आहे, शॉटगन नको. साहित्य असं: 60 पाउंड ताणाचा, 28 इंच ओढीचा कम्पाउंड बो (टोकांना चकत्या असलेलं धनुष्य), हरणासाठी घेतलेली 100 ग्रेनची फिक्स्ड ब्रॉडहेड (बाणाची न हलणाऱ्या पात्यांची टोकं), एक पॉप-अप ब्लाइंड (लपून बसायचा घडीचा तंबू) आणि एक बॉक्स कॉल (टर्कीचा आवाज काढायची पेटी).

टर्कीला इतकं दिसतं म्हणतात, तर मग दोरी ओढायची कधी? पिसारा फुलवलेल्या नराचं खरं अंग कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, तेच फोटोत कळत नाही. मग नेम कुठे धरायचा? आणि हीच ब्रॉडहेड चालतील, की मान कापणारी मोठ्या पात्यांची घ्यावीत?

दोरीताण:
दोरी कधी ओढायची हे डिकॉय (आमिष म्हणून ठेवलेला टर्कीचा पुतळा) कसा मांडलाय त्यावर ठरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ तीन चतुर्थांश वर्तुळ दिसतं, मान जराशी वळवली की उरलेलंही. रंग उत्तम कळतात. वास मात्र जेमतेम येतो, त्यामुळे हरणासाठी वाऱ्याचा जो हिशेब करता तो इथे विसरा. सगळा घात हालचालीनं होतो, आणि बो ओढण्याइतकी मोठी हालचाल दुसरी नाही.

नर जेक डिकॉयकडे, म्हणजे एक वर्षाच्या कोवळ्या नराच्या पुतळ्याकडे, भांडायला येतो आणि शक्यतो त्याच्या तोंडासमोर उभा राहतो. म्हणून जेकचं तोंड तुमच्याकडे करा, ब्लाइंडपासून 8 ते 10 यार्डांवर. नर फिरून त्याच्यासमोर आला की त्याची पाठ तुमच्याकडे होते, आणि पिसारा उभारलेला असेल तर त्याचीच पिसं त्याच्या डोळ्यांआड येतात. ओढायची वेळ तीच. बरेच जण डिकॉय 20 यार्डांवर ठेवतात. नर त्याच्याही पलीकडे 8-10 यार्डांवर घुटमळला, तर अंतर एकदम 30 होतं. मादीचा डिकॉय एकच पुरे, जेकच्या जरा बाजूला. खरी मादी ब्लाइंडजवळ रेंगाळत असेल तर ओढू नका. ती बिचकली की नरही गेला.

ब्लाइंडच्या पुढच्या खिडक्या गरजेपुरत्याच उघडा, मागच्या सगळ्या घट्ट बंद. मागून उजेड आला तर तुमची आकृती सावलीच्या बाहुलीसारखी दिसते. आत कॅमो (झाडोऱ्याच्या नक्षीचे कपडे) नको, काळे कपडे, काळा मास्क, काळे हातमोजे. खुर्ची मागच्या बाजूला सरकवून बसा. पेनसिल्व्हेनियात टर्कीचा ब्लाइंड मानवनिर्मित साहित्याचाच आणि चारही बाजूंनी व वरून बंद असावा लागतो. फांद्या-ओंडके रचून केलेला आडोसा चालत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: खुर्चीची उंची. घरामागे ब्लाइंड लावून, त्याच खुर्चीवर बसून बाण मारून बघा. तीन ठिकाणी अडतं. बोचा खालचा कॅम (टोकाची चकती) गुडघ्याला लागतो, ओढणाऱ्या हाताचं कोपर मागच्या कापडाला लागतं, आणि बाण खिडकीच्या खालच्या काठाला लागतो. शेवटचं फार फसवं आहे. पीपमधून (दोरीतल्या नेमाच्या छिद्रातून) टर्की स्वच्छ दिसते, पण बाण त्या नजरेच्या रेषेच्या सुमारे 3 इंच खालून निघतो आणि कापड फाडून भलतीकडे जातो. खिडकीला जाळी असेल तर मेकॅनिकल ब्रॉडहेड (लागल्यावर पाती उघडणारं) जाळीतच उघडू शकतं. जाळीतून मारायचं तर फिक्स्डच, आणि तेही आधी तपासून.

60 पाउंड टर्कीसाठी जास्त आहेत. 45 ते 50 वर आणा. दोन्ही लिंब बोल्ट (बोचे बाहू धरणारे स्क्रू) सारखेच फेरे सैल करा, कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपलीकडे नाही, आणि मग साइट (बोवरचं नेम धरायचं साधन) नव्यानं जुळवा. ताण उतरल्यावर तेच बाण तुलनेनं कडक ठरतात, त्यामुळे थोडे बाजूला जाऊ शकतात. कसोटी सोपी आहे: खुर्चीवर बसून बो आभाळाकडे न उचलता सरळ मागे ओढता आला पाहिजे, आणि मिनिटभर न थरथरता धरता आला पाहिजे. नर पुतळ्याभोवती घिरट्या घालतो तेव्हा तेवढा वेळ लागतोच.

पहाटगस्त:
नेमाबद्दल लिहितो, कारण जखमी होऊन निसटलेल्या बहुतेक टर्की इथेच चुकलेल्या असतात.

अख्खी कोंबडी घरी साफ केली असेल तर आठवा: फुप्फुसं बरगड्यांच्या आत, पाठीच्या कण्याला चिकटून असतात, बोटानं खरवडून काढावी लागतात. टर्कीची रचना तीच. समोर आणि खाली जो भरगच्च भाग दिसतो तो निव्वळ छातीचं मांस. त्यात लागलेला बाण घेऊन नर उडून जातो आणि मग कुठेतरी झुडपात मरतो. मर्मस्थान संत्र्याएवढं, आणि वाटतं त्यापेक्षा वर नि मागे.

नर आडवा उभा असेल आणि पिसारा मिटलेला असेल, तर पंख जिथे अंगाला जुळतो तिथे. आडवा आणि फुललेला असेल तर पिसांकडे बघूच नका. पायावरून नजर सरळ वर न्या, पंखाच्या मुळाच्या उंचीवर थांबा. पाठमोरा आणि फुललेला असेल तर पिसाऱ्याच्या बुडाशी, शेपटीची पिसं जिथे एकत्र येतात तिथे मधोमध. पाठमोरा पण मिटलेला असेल तर दोन पंखांच्या मधे, कण्यावर. तोंड तुमच्याकडे असेल तर दाढी (छातीवरचा केसांसारखा झुबका) जिथून फुटते त्याच्या किंचित वर, पण हा बाण शक्यतो सोडू नका. डावी-उजवीकडे दोन इंच चूक झाली की काम बिघडतं, शिवाय तो तुमच्याकडेच बघत असतो.

बरेच जण म्हणतात, फुललेला असतानाच मारा. माझं मत उलट आहे. तुम्ही ओढून तयार असाल तर तोंडानं एक हलकं "टक्" करा. तो पिसारा मिटतो, मान उंच करतो, क्षणभर थांबतो. अंगाचा खरा आकार तेव्हा दिसतो. पण त्या क्षणी बाण सुटायलाच हवा, दुसरी संधी मिळत नाही.

जवळच्या अंतराचा एक हिशेब राहिला. 20 यार्डांची पिन (साइटवरची त्या अंतराची खूण) वापरून 4-5 यार्डांवर मारलं तर बाण नेमापेक्षा खाली लागतो, कारण तो नजरेच्या रेषेपर्यंत अजून चढलेलाच नसतो. हरणाला हा फरक चालून जातो, संत्र्याएवढ्या जागेला नाही. 5, 8, 10, 15, 20, प्रत्येक अंतरावर मारून कागदावर लिहून ठेवा.

सह्याद्री_ते_पोकोनो:
खूप आभार. पंखाच्या मुळाचं आता लख्ख कळलं. पण टोकांचा प्रश्न राहिलाच. आणि बाण लागल्यावर हरणासारखी वाट बघायची का?

पिसंजोड:
मान कापणारी ब्रॉडहेड ऐकायला बरी वाटतात, कारण बाण एकतर लागतो किंवा पूर्ण चुकतो. पण ती तुमच्या सध्याच्या बाणांवर चालतील असं धरू नका. पात्यांचा पसारा सुमारे 4 इंच असतो, त्यामुळे पाती बोच्या रायझरपुढे (मधल्या मुठीच्या भागापुढे) राहतील इतका लांब बाण लागतो. हवा पकडत असल्यामुळे बाण भरकटतो, म्हणून मोठी पिसं लावावी लागतात आणि 15 यार्डांपलीकडे भरवसा नाही. शिवाय टर्कीचं डोकं क्षणभरही स्थिर नसतं. पहिल्या हंगामाला माझी शिफारस नाही.

अंगावर मारायला दीड ते दोन इंच काप देणारं मेकॅनिकल घ्या. 45-50 पाउंडांना टर्कीसाठी तेवढी ताकद पुरते. तुमची 100 ग्रेनची फिक्स्ड धारदार असतील तर तीही चालतील, फक्त काप लहान म्हणून नेमाला सूट नाही. बाण आरपार जावा की अंगात अडकावा, यावर वाद कायम चालतो. अडकला तर उडणं अवघड होतं हे खरं, पण त्यासाठी मुद्दाम बोथट टोकं वापरणं चुकीचं आहे. धार लागलीच पाहिजे.

बॉक्स कॉलला दोन्ही हात लागतात. नर 60 यार्डांवर आल्यावर तो खाली ठेवून बो उचलणं ही नको ती हालचाल. टाळूला चिकटवायचा डायफ्रॅम कॉल आत्तापासून शिका. साधा यॅल्प (मादीची हाक), पाच-सहा सूर, आणि क्लक (हलकं टक्) एवढं जमलं तरी बास. तीक्ष्ण, तुटक "पट्" मात्र चुकूनही काढू नका, ती त्यांची धोक्याची हाक आहे. तुमच्या राज्यात वसंतात टर्की फक्त बोलावून मारता येते, आवाजाच्या दिशेनं सरपटत जाणं बेकायदा आहे. ते जीवघेणंही आहे: तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, म्हणून त्या रंगाचं काहीही अंगावर नको, मोजेसुद्धा. डिकॉय पिशवीत झाकून न्या.

पहाटगस्त:
बाण लागल्यानंतरचं. जागीच कोसळून फडफडत असेल तर लगेच पुढचा बाण चढवून जवळ जा, पायामागच्या काट्यांपासून हात लांब ठेवा. पण चालत किंवा उडत गेला तर हरणाचा नियम अर्धाच लागू. थांबायचं, कमीत कमी तासभर, पोटात लागल्याची शंका असेल तर त्याहून जास्त. पण माग रक्ताचा मिळेल ही आशा ठेवू नका, पिसं रक्त पिऊन घेतात. म्हणून बाण सुटल्यापासून नजर हलवू नका: कोणत्या झाडापाशी शेवटचा दिसला, उडाला असेल तर पडल्याचा आवाज कुठून आला, हे तिथल्या तिथे खुणेनं पक्कं करा. जखमी टर्की पडलेल्या झाडाखाली, काटेरी जाळीत, ओढ्याच्या काठच्या कपारीत घुसून निपचित बसते. एकेक जाळी वाकून बघावी लागते.

सापडल्यावर जागेवरून हलवण्याआधी टॅग (शिकारीची नोंदचिठ्ठी) भरा. वसंतात दाढी असलेलीच टर्की चालते, हे बाण सोडण्याआधी बघायचं असतं, नंतर नाही. वेळही लक्षात घ्या: हंगामाच्या पहिल्या टप्प्यात सूर्योदयाआधी अर्धा तास ते दुपारी 12, पुढच्या टप्प्यात दिवसभर. तारखा दरवर्षीच्या पुस्तिकेत बघा.

पिसंजोड:
पंखांची लांब पिसं फेकू नका. पारंपरिक बाणांना आजही टर्कीचीच पिसं लावतात. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डावी-उजवी मिसळली तर बाण नीट फिरत नाही, म्हणून काढतानाच दोन वेगळ्या पुडक्या करा. छातीचं मांस झटपट होतं. मांड्या-तंगड्यांत मात्र हाडासारखे कडक स्नायूबंध असतात, त्या कुकरमधे भरपूर शिट्ट्या देऊन, मांस सोडवून मग रश्श्यात घाला.