मदत हवी आहे : पोलो जीटी टीएसआय देऊन आय२० एन लाइन घ्यावी का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. माझी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय जुनी, १.२ लिटर चार सिलिंडरवाली आहे. १०५ पीएस ताकद, ७ स्पीड डीएसजी (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्लच दाबावा लागत नाही). गाडी ठणठणीत आहे, पण पोलो भारतात २०२२ मध्येच बंद झाली. पुढे सुट्या भागांचं कसं होईल, याची काळजी वाटते.

डोळ्यासमोर ह्युंदाईची आय२० एन लाइन आहे, तीही ६ स्पीड मॅन्युअल. १ लिटर टर्बो, १२० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मागे जागा ऐसपैस, आई-बाबांना तीच हवी. पण टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) १७२ एनएम, पोलोचा १७५! मग कसारा घाट चढताना फरक खरंच जाणवेल का? इगतपुरीकडे येताना ट्रकमागून बाहेर काढून पाय दाबला की पोलो जी झेपावते, ते सुख सोडवत नाही. दार लावल्यावरचा तो भरीव आवाजही.

दोन्ही चालवलेल्यांनी कृपया सांगा: वेगात स्टिअरिंग तितकंच विश्वासाचं वाटतं का? गंगापूर रोडच्या गर्दीत क्लचचा त्रास होतो का? आणि एक्स्चेंजला द्यावी की बाहेर विकावी? माझा कल अजून पोलो ठेवण्याकडेच आहे.