१६ सिग्नी ए: कंपनं सापडली, पण परिवलन कुठंय?

गच्चीवाला:
लाइटकर्व्ह हे पायथन पॅकेज वापरून १६ सिग्नी ए या ताऱ्याचा केप्लर अवकाश दुर्बिणीचा एका तिमाहीचा डेटा उतरवला, दर मिनिटाला एक नोंद असलेला. पॉवर स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या वारंवारतेला किती जोर, त्याचा आलेख) २२०० मायक्रोहर्ट्झच्या आसपास झकास उंचवटा आला, म्हणजे साडेसात मिनिटांची कंपनं. शिखरांमधलं 'मोठं अंतर', म्हणजे एकाच जातीच्या लागोपाठच्या शिखरांमधलं, तेही १०३ मायक्रोहर्ट्झच्या जवळ येतंय. पण हा तारा साधारण २४ दिवसांत स्वतःभोवती फिरतो म्हणतात, ते काही दिसेना. डागांमुळे प्रकाशात संथ चढउतार यायला हवेत ना? माझी रेघ सपाट.

लघुगणक:
डागांच्या नादी लागू नका. तारा ७ अब्ज वर्षांच्या घरातला, सूर्याहून म्हातारा आणि शांत. त्यात केप्लर दर तीन महिन्यांनी ९० अंशांत वळायचा आणि तारा दुसऱ्या सीसीडीवर (कॅमेऱ्याच्या चिपवर) जायचा. त्या जोडांमधून इतकी फिकी लाट कोण वेगळी काढणार?

परिवलन शिखरांच्या आत आहे. ताऱ्याच्या फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या लाटेची वारंवारता आपल्याला किंचित वाढलेली दिसते, उलट जाणारीची घटलेली. म्हणून एल = १ चं (ताऱ्याचे दोन अर्धे आळीपाळीने फुगतात-आकसतात त्या कंपनाचं) शिखर तिघांत फुटतं. शेजाऱ्यांमधलं अंतर, म्हणजेच फूट, १ भागिले २४ दिवस, म्हणजे अर्ध्या मायक्रोहर्ट्झहून थोडं कमीच.

गच्चीवाला:
झूम करून पाहिलं. तीन कुठले, एकच जाड ढिगारा आहे.

लघुगणक:
असणारच. कंपनं काही दिवसांत विरतात आणि पृष्ठभागाखालच्या वायूच्या खळबळीमुळे पुन्हा उठतात, त्यामुळे शिखराची रुंदीच १ मायक्रोहर्ट्झच्या आसपास. फूट तिच्याहून लहान. नुसत्या डोळ्यांनी मोजायची गोष्टच नाही ती: सगळ्या शिखरांना एकच फूट धरून मॉडेल बसवतात. सुरुवात उंचवट्याच्या डाव्या उतारावर करा. कमी वारंवारतेची कंपनं जास्त टिकतात, शिखरं अरुंद असतात. आणि एक तिमाही पुरणार नाही, प्रकाशित निकाल अडीच वर्षांच्या डेटावरचे आहेत.

स्पेक्ट्रम स्मूद केला असेल तर आधी ते काढा. लोक गुळगुळीत आलेख टाकून खूश होतात आणि नेमकी हीच फूट पुसून बसतात.

काकाकुवा:
अक्षाचा कलही बघा हं. ध्रुवाकडून दिसणाऱ्या ताऱ्यात मधलं शिखर तेवढं उरतं, फूट दिसतच नाही. बाजूने पाहिलं तर मधलं गायब. तिघांच्या उंचीवरूनच कल काढतात. बाय द वे, टेस या केप्लरनंतरच्या अवकाश दुर्बिणीवर जमेल का हे?

लघुगणक:
कंपनं तेजस्वी ताऱ्यांत मिळतील. फूट मात्र २७ दिवसांच्या एका सेक्टरमध्ये (आकाशाच्या एका पट्ट्याच्या निरीक्षणात) विसरा; केप्लरचं तोंड ९५ सेंटिमीटरचं, टेसच्या कॅमेऱ्याचं १० चं.

गच्चीवाला, सगळ्या तिमाह्या जोडताना मास्क (ताऱ्याचा प्रकाश मोजायला निवडलेले पिक्सेल) तपासा. तारा सहाव्या प्रतीचा आहे, पिक्सेल भरून शेजारी सांडतात. नंतर त्याचा जोडीदार १६ सिग्नी बी घ्या, उंचवटा २५६० मायक्रोहर्ट्झच्या आसपास. तोही साधारण २३ दिवसांत फिरतो. एवढ्या वयाला दोघांनी याहून बरंच मंदावायला हवं होतं. २०१६ पासून वाद चाललाय तो यावरच: मध्यमवयानंतर ताऱ्यांचा चुंबकीय ब्रेक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे फिरणं मंदावणं, सैल पडतो का?

गच्चीवाला:
बाकीच्या तिमाह्या डाउनलोडला लावल्या. मॉडेल बसवायला एमसीएमसीच (यादृच्छिक नमुने घेऊन शक्यता तपासणारी पद्धत) लागेल, की साध्या लीस्ट स्क्वेअर्सवर (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करण्यावर) भागेल?

लघुगणक:
लीस्ट स्क्वेअर्स नको. ते नॉइज गाउसियन (घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विखुरलेला) धरून चालतं, पॉवर स्पेक्ट्रममधला नॉइज तसा नसतो.