शब्दचर्चा: 'वाळा' म्हणजे नेमका कोणता?

काल मोगऱ्याची कुंडी बदलताना मातीतून एक काळपट, चकचकीत जीव वळवळत बाहेर आला. वीतभरसुद्धा नाही, जाडी पेनाच्या रिफिलएवढी. माळी म्हणाला, "दोमुंही का बच्चा है." सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाळा आहे तो, राहू दे." मला वाळा माहीत तो बाळाच्या पायातला, नाहीतर माठात टाकायचा, त्यालाही इथे इंदूरात सगळे खसच म्हणतात. सापालाही वाळा म्हणतात का?

— म्हणतात ना, ताई. सासूबाईंचं अगदी बरोबर आहे. वाळा म्हणजे मातीत राहणारा, बिनविषारी आंधळा साप. गांडूळ समजून लोक फसतात, पण गांडूळ ओलसर, बुळबुळीत आणि अंगभर वळ्यांचं. वाळा कोरडा, गुळगुळीत. नीट पाहिलंत तर इवलीशी जीभ आतबाहेर करताना दिसेल. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके. खातो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. आपण 'तो वाळा' म्हणतो खरं, पण या जातीत नर सापडतच नाहीत. सगळ्या माद्या, नराशिवायच अंडी घालतात. त्यामुळे रोपाच्या मातीबरोबर एकटी मादी गेली तरी पुरते. असाच हा साप आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेपर्यंत पोचला.

पायातल्या वाळ्याचं नातं संस्कृत 'वलय'शी आहे. सापाचं नाव मात्र मला माठातल्या वाळ्यावरून पडलेलं वाटतं. कुंडी उपसताना हाताला लागतो तो मुळीच्या तंतूसारखाच.

माळ्याची गल्लत जुनी आहे. भारतातल्या सापांचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिक रसेलने १७९६ साली याचं चित्र छापलं ते 'दोन डोक्यांचा साप' अशा अर्थाच्या तेलुगू नावाखाली. त्याच्याच आधारे १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिलं, ब्रामिनस. पण दोमुंही म्हणजे आपलं मांडूळ: दोन-अडीच फुटांचं, जाडजूड, शेपूट डोक्यासारखीच बोथट. गुप्तधनाच्या नादात लोक त्याच्या जिवावर उठतात. म्हणून म्हणतो, हे दोन शब्द वेगळे राहू द्या. वाळ्याला दोमुंही म्हटलं की तोही उगाच पकडला जाईल.

— काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या माहेरी पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून वाळे निघायचे, म्हणे. आई सुपलीत घेऊन परसात सोडायची. आमचा परत मोगऱ्याखालीच गेलाय.