वसुली एजन्सीची तडजोड स्वीकारावी का? मदत हवी आहे

मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात राहतो. बहिणीच्या लग्नासाठी एका खाजगी बँकेकडून घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते, सोयाबीन सलग दोन हंगाम हातचे गेल्यामुळे थकले असून, व्याज व दंड धरून आज १,४२,००० रुपये बाकी आहेत. बँकेने नेमलेली वसुली एजन्सी ६५,००० रुपये एकरकमी भरल्यास प्रकरण मिटवू म्हणते. मात्र तिचा माणूस हे फक्त फोनवर सांगतो आणि पैसे चार दिवसांत, स्वतःच्या खात्यावर मागतो. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

तडजोड केल्यास सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेले) ऐवजी ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलेले) अशी नोंद राहते, हे मला ठाऊक आहे. पुढच्या खरिपात पीककर्ज लागणारच आहे, त्यामुळे ही नोंद आडवी येईल का, याची काळजी वाटते. रक्कम उभी करायची तर आईचे दागिने गहाण ठेवावे लागतील, आणि तिने ते न मागता पुढे केले आहेत.

ज्यांनी अशी तडजोड केली आहे, त्यांनी कृपया सांगावे: बँकेच्या लेटरहेडवरील पत्र आधी कसे मिळवले, पैसे थेट कर्जखात्यात भरता आले का, आणि नंतर पीककर्ज मिळाले का?